कोर्दोबाचा खलिफा, मुक्काम अल् खुवैर

“आम्ही! कोर्दोबाचे खलिफा, समुद्राच्या दोन्ही तीरांचे धनी, आज फर्मावतो, की आमच्या परवानगीशिवाय या राज्यात वाराही वाहणार नाही!”

वारा तसाही वाहत नव्हता. मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागात तानाजी मोहित्यांच्या व्हिलात नाटकाची तालीम चालली होती आणि हॉलमधला एसी सकाळपासून गरम फुंकर घालत बसला होता. खलिफांच्या दाढीचा गोंद घामाने सुटला आणि दाढी एका कानाला धरून लोंबू लागली.

“अहो खलिफा,” वसुंधराबाई सोफ्यावरून म्हणाल्या, “आधी तो एसी बघा. राज्य नंतर.”

खलिफांनी दाढी काढून खिशात ठेवली आणि ते स्टुलावर चढले. त्यात त्यांना अपमान वगैरे वाटला नाही. धनंजय पाटणकर मस्कतमध्ये एसी बसवणाऱ्या कंपनीत इस्टिमेटर होते. कुठल्याही मराठी घरी जेवायला गेले की पानं वाढायच्या आधी त्यांना स्टूल दाखवलं जाई. वसुंधराबाई तर घरातून निघतानाच नवऱ्याच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर आहे ना, हे चाचपून बघायच्या.

मराठी मंडळाच्या नाटकांतही त्यांची पत साधारण एवढीच होती. इन्स्पेक्टर, डॉक्टर, तार घेऊन येणारा पोस्टमन. एका वर्षी नायिकेच्या दिवंगत वडिलांचं काम मिळालं होतं. म्हणजे हार घातलेला फोटो भिंतीवर त्यांचा, आणि ते स्वतः दाराशी पास फाडायला. आता निवृत्ती जवळ आली होती. उन्हाळ्यात कायमचं चिपळूणला जायचं होतं. त्याआधी एकदा तरी रंगमंचाच्या मध्यभागी उभं राहायचं, या हट्टाने त्यांनी स्वतःच नाटक लिहिलं, आणि लेखकाच्या खास आग्रहावरून मुख्य भूमिका लेखकाला मिळाली.

विषय त्यांना इतिहासाच्या एका पुस्तकात सापडला होता. कोर्दोबाचा शेवटचा खलिफा. राज्य आधीच विरत चाललेलं, तिजोरी रिकामी, सरदार ऐकेनासे झालेले. शेवटी शहरातल्या बड्या मंडळींनी ठरवलं की आता खलिफाही नको आणि खिलाफतही नको. त्याला मशिदीतल्या एका थंडगार कोठडीत कोंडलं. निकाल सांगायला लोक आले तेव्हा म्हणे तो लहानग्या मुलीला छातीशी धरून बसला होता. त्याने राज्य मागितलं नाही. म्हणाला, पोरीला भूक लागलीय, भाकरीचा तुकडा मिळेल का? आणि जमलं तर एक दिवा.

हे वाचून पाटणकरांना रडू आलं होतं. आणि रडू आलं की ते विनोदी लिहायचे.

पण विनोद काही उतरला नव्हता. पहिल्या वाचनाला कोणी हसलं नाही. “चांगलं आहे,” तानाजीराव, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, बराच विचार करून म्हणाले. “तेराव्याला करता येईल.”

मग चहा आला. चहा घेता घेता पाटणकरांनी सहज म्हणून आपल्या अर्बाबांची नक्कल करून दाखवली, आणि बदरुद्दीन मुकादम हसता हसता खुर्चीवरून खाली सरकला. तो पाटणकरांच्याच कंपनीत स्टोअर सांभाळायचा. अर्बाब म्हणजे काय चीज, हे त्याला ठाऊक होतं.

“हेच!” तानाजीराव ओरडले. “अहो, खलिफा हाच! घाला नाटकात!”

अर्बाब म्हणजे मालक. नासिर अर्बाब. अल् खुवैरमधल्या ऑफिसच्या पाटीवर अजून त्यांचंच नाव होतं, पण कारभार केव्हाच मुलांकडे गेला होता. थोरला खालिद बाहेर शिकून आलेला. तो सगळ्यांना ‘टीम’ म्हणायचा. त्याने वडिलांना मोठ्या खोलीतून काढलं आणि कॉरिडॉरच्या टोकाला, झेरॉक्स मशीनच्या शेजारच्या खोलीत मोठ्या आदराने नेऊन ठेवलं. तिथे अर्बाब रोज सकाळी इस्त्रीचा पायघोळ डिशडाशा घालून, डोक्याला रेशमी मसर बांधून येत. टेबल स्वच्छ असे. स्वच्छच असणार, त्यावर काही येतच नव्हतं. तरी कोणी आत गेलं की ते गंभीरपणे पेन उघडायचे आणि म्हणायचे, “दे, सही करतो.” झालेल्या सहीखाली ते आणखी एक सही करायचे. खलास.

रोज सकाळी ते पाटणकरांना काहव्यासाठी, म्हणजे अरबी कॉफीसाठी, बोलवायचे. काहव्याचा ओमानी रिवाज असा: धाकट्याने डाव्या हातात किटली घेऊन उभं राहायचं आणि थोरल्याचा बिनकानाचा इवलासा कप भरायचा. रिकामा झाला की पुन्हा भरायचा. पुरे झालं की थोरला मनगटातून कप हलकेच हलवतो. मग किटली खाली ठेवायची आणि निरोप घ्यायचा. कप हलत नाही तोवर वाढणारा हलत नाही.

अर्बाबांचा कप हलायचाच नाही. ते कप रिकामा करायचे आणि पुढे धरायचे. रिकामा करायचे आणि पुढे धरायचे. मध्ये तरुणपणीची तीच गोष्ट सांगायचे: मत्रामध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेला पहिला एसी, तो वर चढवताना सुटलेला दोर, आणि तो एसी नेमका खाली उभ्या असलेल्या त्यांच्याच नव्या गाडीवर कसा उतरला. त्यांची हिंदी मुंबईत भेंडीबाजारात शिकलेली होती. इथे ती मराठीतच ऐकावी, फारसं बिघडत नाही. पाटणकर किटली घेऊन उभे असायचे. बाहेर टेंडरची वेळ टळत असायची. “बाबा हल्ली कप हलवायचं विसरतात,” खालिदने एकदा खांदे उडवून सांगितलं होतं, आणि त्यावर सगळ्या ऑफिसने शिक्का मारला होता. पाटणकर खोलीतून बाहेर आले की बदरुद्दीन विचारायचा, “काय पाटणकर, आज टाकी भरली?”

तेच सगळं नाटकात गेलं. बाहेर बंडाचा गलका चाललाय, निरोप्ये धावत येतायत, आणि खलिफा कॉफी पितोय. रिकामा कप पुढे धरतोय. मसर सावरत म्हणतोय, “दे, सही करतो.” बदरुद्दीन किटलीवाला सेवक झाला.

“त्या काळात कॉफी होती काय हो?” त्याने एकदा विचारलं.

“नव्हती.”

“मग?”

“विनोद होता.”

बदरुद्दीनने किटली खाली ठेवली. “नाय, मी काय म्हणतो पाटणकर. खलिफाला जाऊन हजार वर्षं होत आली. त्याच्या घरचं कोणी तक्रार घेऊन यायचं नाय. अर्बाब मात्र शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली की रविवारी हापिसात बसलेले असणार.”

“ते कशाला येतायत मराठी नाटकाला?”

“तेही खरं,” बदरुद्दीन म्हणाला, आणि त्याचं समाधान झालं. पाटणकरांचंही झालं. स्वतःचं समाधान करण्यात ते एसी दुरुस्त करण्यापेक्षाही वाकबगार होते.

तरी एक गोष्ट त्यांनी करायला नको होती. नाटकासाठी बिश्त हवा होता. बिश्त म्हणजे समारंभात खांद्यांवरून घ्यायचा जरीकाठाचा पातळ झगा. भाड्याने मिळत होता, पण त्याची जर दुरून टिकलीसारखी दिसायची. एका सकाळी किटली हातात असतानाच पाटणकरांनी अर्बाबांकडे विषय काढला.

“लग्न आहे कोणाचं?” अर्बाबांनी विचारलं.

“नाही अर्बाब. सांस्कृतिक कार्यक्रम आहे.”

हे खोटं नव्हतं. खऱ्यालाच जरा इस्त्री केली होती.

दुसऱ्या दिवशी अर्बाब घरून बिश्त घेऊन आले. काळा, काठाला जुनी मऊ पडलेली जर. “माझ्या वडिलांचा,” ते म्हणाले, आणि उठून त्यांनी तो स्वतःच्या हाताने पाटणकरांच्या खांद्यांवर घातला. “ताठ उभा राहा, जय. वाकलेल्या माणसावर हा चांगला दिसत नाही.” धनंजय त्यांच्या तोंडी पहिल्यापासून जयच होता.

पाटणकर ताठ उभे राहिले.

प्रयोग शुक्रवारी दुपारी कुरुममधल्या एका हॉलमध्ये होता. पाटणकर दाढी लावून, बिश्त घालून विंगेत उभे असताना तानाजीराव नाचतच आले.

“पाटणकर, पडद्याच्या भोकातून बघा. सरप्राईज!”

पाटणकरांनी डोळा लावला. पहिल्या रांगेत, मधोमध, पांढराशुभ्र डिशडाशा, जांभळी मसर, हातात काठी. शेजारी वसुंधराबाई बसल्या होत्या आणि पडद्याकडे बघत होत्या. त्यांना भोकातला डोळा कोणाचा हे कळलं असावं, कारण त्यांनी आपला डोळा तिकडून काढून घेतला.

“प्रमुख पाहुणे!” तानाजीराव म्हणाले. “मीच फोन केला परवा. म्हटलं तुमचं शेवटचं वर्ष, मालक हवेतच. काय खूश झाले हो! म्हणाले, मला कोणी बोलवत नाही आता. टॅक्सी करून आले. वहिनींना बसवलंय शेजारी, भाषांतराला.”

“तानाजीराव, प्रयोग रद्द करा.”

“हॅ हॅ हॅ,” तानाजीराव म्हणाले. “हेच तुमचं मला आवडतं. चेहरा अजिबात हलत नाही.” आणि त्यांनी तिसरी घंटा दिली.

पडदा उघडला. “आम्ही,” पाटणकर म्हणाले, आणि थांबले. कोर्दोबाचे खलिफा कोण, हे त्यांना आठवेना. बदरुद्दीन बाजूने कुजबुजला, “समुद्राचे धनी. धनी!” लोक हसले. त्यांना वाटलं, हे नाटकातच आहे.

पाटणकरांनी मनाशी ठरवलं की नक्कल करायची नाही. मसरला हात लावायचा नाही, ‘दे, सही करतो’ गिळून टाकायचं, आणि कॉफीच्या प्रवेशात पहिल्याच कपाला कप हलवून मोकळं व्हायचं. साधा, गंभीर, बिनअर्बाबी खलिफा करायचा. बेत चांगला होता. फक्त तो बदरुद्दीनला ठाऊक नव्हता.

बदरुद्दीनने पहिला कप भरला. खलिफांनी तो पिऊन हलवला. बदरुद्दीन बघतच राहिला. निरोप्या सातव्या कपाला येणार होता. तोवर विंगेत तो समोसा खात होता.

“हुजूर, अजून घ्या,” बदरुद्दीन म्हणाला.

“नको.” कप जोरात हलला.

“घ्या हो हुजूर,” बदरुद्दीन दातांतल्या दातांत म्हणाला, आणि हलत्या कपात त्याने ओतलं. अर्धी कॉफी कपात पडली, अर्धी बिश्तवर. खलिफांनी पुन्हा कप हलवला, सेवकाने पुन्हा ओतली. हॉलमध्ये हशा उसळला. तालमीत कधी आला नव्हता असा हशा. कंपनीतली पोरं मागच्या रांगांमध्ये बसली होती, त्यांच्यातला एकजण ओरडला, “अर्बाब, टाकी भरली!” आणि मग ज्यांना समजलं नव्हतं त्यांनाही समजलं.

पाटणकरांनी खाली बघितलं. पहिल्या रांगेत काठीच्या मुठीवर दोन म्हातारे हात एकावर एक ठेवलेले होते. वसुंधराबाईंनी भाषांतर थांबवलं होतं. त्याची गरजच उरली नव्हती.

लाज ही गोष्ट बहुतेक लोकांना एकांतात वाटते. पाटणकरांना ती तीनशे माणसांसमोर, दिव्यांच्या झोतात, दुसऱ्याच्या बापाच्या झग्यात वाटत होती, आणि लोक टाळ्या वाजवत होते. पुढचा सगळा अंक त्यांनी कसा केला ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. सवयीने हात मसरकडे जायचा आणि ते तो अर्ध्या वाटेवरून परत आणायचे. त्यालाही हशा पडायचा. एवढी दाद त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती. भिंतीवरचा फोटो बरा होता.

शेवटी कोठडीचा प्रवेश आला. मुलीचं काम तानाजीरावांची पूर्वा करत होती. ती इथल्याच शाळेत पाचवीला, मराठी जपून जपून बोलणारी. तालमीत तिने विचारलं होतं, “काका, हा किंग आहे ना? मग फूड ऑर्डर का नाही करत?” आता ती खलिफांच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, “बाबा, मला फार भूक लागली आहे.” एकेक शब्द ठेवल्यासारखा. बडी मंडळी निकाल सांगून गेली. पाटणकरांनी दाढी सावरली नाही, काही सावरलं नाही. “भाकरीचा तुकडा मिळेल का?” ते म्हणाले. “पोरीसाठी.” हे त्यांनी कोणाला विचारलं ते लोकांना कळलं नाही, कारण ते पहिल्या रांगेकडे बघत नव्हते. बघवत नव्हतं.

मागच्या रांगांत कोणीतरी नाक ओढलं. मग टाळ्या. मग तानाजीरावांनी स्टेजवर चढून अर्बाबांना वर बोलावलं आणि मंडळाच्या रिवाजाप्रमाणे त्यांना शाल घातली आणि हातात नारळ दिला. अर्बाबांनी नारळाकडे, मग शालीकडे बघितलं. शेजारी पाटणकर उभे होते, कॉफीने भिजलेल्या बिश्तमध्ये, वाकून.

मेकअपच्या खोलीत पाटणकर बिश्तवरचा डाग ओल्या रुमालाने पुसत बसले. डाग पसरत होता. रविवारी सकाळी त्या खोलीत जायचं, किटली उचलायची, आणि त्या माणसाच्या कपाकडे बघायचं, हे कसं जमणार होतं? आजारी पडता येईल. राजीनामा लवकर देता येईल. उन्हाळ्याची वाट कशाला बघायची? तीस वर्षांचा मुक्काम एका कपात बुडवला. “मी काय करू?” त्यांनी वसुंधराबाईंना विचारलं.

“मला काय विचारता? मी सांगितलं होतं, अर्बाबांचा झगा घेऊन अर्बाबांचा तमाशा करू नका.”

“कधी सांगितलं होतंस?”

“मनात,” वसुंधराबाई म्हणाल्या. “मीही हसले होते तालमीत. म्हणून तोंडाने नाही सांगितलं.”

दारात काठी वाजली. अर्बाब उभे होते. खांद्यावर शाल, काखेत नारळ. पाटणकर उठून उभे राहिले.

अर्बाबांनी जवळ येऊन बिश्तची कड दोन बोटांत धरली. “उलटा घातला होतास,” ते म्हणाले. “शिवण बाहेर होती. मला पहिल्यापासून दिसत होती.” मग थोडं थांबून, “मला घरी सोडशील? गाडी खालिदकडे आहे.”

वसुंधराबाई तानाजीरावांबरोबर गेल्या. पाटणकर गाडी चालवत होते आणि शेजारी अर्बाब नारळ मांडीवर घेऊन बसले होते. सूर्य टेकडीमागे उतरत होता. गाडीतला एसी उत्तम चालला होता, त्यामुळे त्याबद्दलही काही बोलता येईना. रस्त्याकडेच्या एका कॉफी शॉपपाशी, म्हणजे चहा-पराठ्याच्या टपरीपाशी, अर्बाबांनी काठीने काचेवर टकटक केली. पाटणकरांनी गाडी उभी करून हॉर्न वाजवला. इथल्या रीतीप्रमाणे मल्याळी वेटर गाडीशी आला आणि कागदी कपांतून वाफाळता करक चहा देऊन गेला.

अर्बाब सावकाश प्यायले. कप रिकामा झाला. तो त्यांनी हातातच धरून ठेवला.

“लोक खूप हसले,” ते म्हणाले.

पाटणकरांनी एसी उगाच एक घर कमी केला.

“तू चांगलं केलंस. पेन मी असंच उघडतो. पण एक चुकलं.” त्यांनी कागदी कप जरा वर उचलला. “कप हलवायचं मी विसरत नाही, जय. हलवला की तू जातोस.”

पाटणकरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. किटली घेऊन उभ्या राहिलेल्या सगळ्या सकाळी एकदम समोर आल्या. आपण तिथे उभं राहून घड्याळाकडे बघायचो, आणि बाहेर येऊन बदरुद्दीनला डोळा मारायचो. नाटकात खलिफा भाकरी मागतो तिथे आपण लोकांना रडवलं. आणि रोज आपल्यासमोर कोणी काय मागत होतं, ते आपण विनोद म्हणून घातलं. आता बोललं नाही तर पुन्हा कधीच बोलता येणार नाही, असं त्यांना वाटलं.

“अर्बाब,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज नकळत खलिफाचा झाला, “मला माफ करा. तुम्ही मला या देशात आणलंत. माझं घर, माझ्या पोराचं शिक्षण, सगळं तुमच्या त्या पाटीखाली झालं. आणि मी तुमच्याच वडिलांचा बिश्त घालून, तीनशे माणसांसमोर... मला रविवारी तुमच्यासमोर उभं राहायला तोंड नाही. तुम्ही सांगाल तर उद्याच राजीनामा देतो. आणि राहू दिलंत, तर अल्ला शपथ, गणपतीची शपथ, उन्हाळ्यापर्यंत रोज तो कप हलेपर्यंत मी त्या खोलीतून—”

“खलास,” अर्बाब म्हणाले.

पाटणकर थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते. अर्बाब काचेतून कॉफी शॉपच्या तव्याकडे एकटक बघत होते.

“जय, तो पराठा सांग ना. चीज लावून आत बटाट्याच्या चिप्स घालतात तो. घरी मला देत नाहीत.” त्यांनी नारळ मांडीवरून काढून पाटणकरांच्या मांडीवर ठेवला. “आणि त्याला म्हणावं, लवकर आण. चिप्स मऊ पडतात.”